दालचिनीचा कॉफी केक : वरचा चुरा तळाशी का जातो आणि सावर क्रीमऐवजी काय चालेल?

सायसाखर (नाशिक) :

नमस्कार मंडळी. माझ्या नणंदबाई ओहायोत राहतात. त्यांच्याकडे सुट्टीच्या सकाळी न्याहारीला दालचिनीचा कॉफी केक होतो, त्याची कृती त्यांनी मला पाठवली आहे. या केकमध्ये कॉफी मुळीच नसते आणि तो कॉफीसोबत खायचा असतो, एवढे मला ठाऊक आहे. तेव्हा त्या नावाची चर्चा इथे नको. केकच्या पोटात दालचिनी-साखरेचा एक थर, आणि वर मैदा, लोणी, साखर व दालचिनी एकत्र चोळून केलेला जाडसर चुरा, ज्याला तिकडे स्ट्रॉयझल म्हणतात, असे त्याचे स्वरूप आहे.

माझ्या शंका अशा आहेत. कृतीत सगळी मापे कपात आणि लोण्याचे माप ‘एक स्टिक’ असे दिलेले आहे. सावर क्रीम (आंबवलेली घट्ट साय) आणि ब्राउन शुगर हे दोन्ही पदार्थ आमच्या जवळच्या दुकानात मिळत नाहीत. सावर क्रीमऐवजी दही घातले, तर वरचा चुरा भाजताना केकच्या पोटात उतरतो आणि मधला थर कापताना सुटून येतो, त्यामुळे केकचे दोन मजले वेगवेगळे हातात येतात. माझ्याकडे २५ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आहे. शिवाय सासूबाई अंडे खात नाहीत, म्हणून बिनअंड्याची पद्धतही हवी आहे. चव बिघडू न देता हे कसे साधावे, ते अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

पानगळ (न्यू जर्सी) :

तुमच्या बहुतेक शंकांचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे पिठाचा सैलपणा. चुरा हा वजनदार असतो, कारण त्यात लोणी आणि साखर भरपूर असते. त्याला भाजण्याच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, म्हणजे केक अजून बसलेला नसताना, पिठाने पेलून धरले पाहिजे. सावर क्रीम घट्ट असते आणि अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे त्यात किमान १८ टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो. त्याच्या जागी तेवढेच साधे दही घातले की पिठात पाणी वाढते, स्निग्धांश घटतो, आणि वरचा चुरा आधार न मिळाल्याने खाली जातो. दह्याचा आंबटपणा योग्यच आहे; अडचण आहे ती त्यातल्या पाण्याची.

म्हणून माझे मत असे की सावर क्रीमला आपल्याकडचा सर्वांत जवळचा पर्याय श्रीखंडाचा चक्का हा आहे. म्हशीच्या सायीसकट दुधाचे दही लावून ते चार-पाच तास फडक्यात टांगले, तर मिळणारा चक्का या कामाला उत्तम ठरतो. तो फार कोरडा झाला असेल, तर दोन-तीन चमचे दूध घालून फेटून घ्यावा. गाईच्या दुधाचा किंवा साय काढलेल्या दुधाचा चक्का असेल, तर त्यात दोन मोठे चमचे साय मिसळावी.

आता वजनांचे. कपाच्या भानगडीत पडूच नका, कारण अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा आणि आपल्या वाट्या प्रत्येक घरात निराळ्या. ‘एक स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम लोणी. ८ इंची चौकोनी भांड्यासाठी मी पुढीलप्रमाणे वजने घेते. पिठासाठी १९० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, ८५ ग्रॅम लोणी, दोन अंडी, १८० ग्रॅम चक्का, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, पाव लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. वरच्या चुऱ्यासाठी ९० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम ब्राउन शुगर, ६० ग्रॅम गार लोणी आणि दीड लहान चमचा दालचिनीपूड. मधल्या थरासाठी ५० ग्रॅम ब्राउन शुगर, दोन लहान चमचे दालचिनीपूड आणि एक मोठा चमचा मैदा. बाजारातले पिवळे खारे लोणी वापरत असाल, तर वेगळे मीठ घालू नका.

ब्राउन शुगर नसल्याने काही अडत नाही. ती साखर आणि मळी यांचेच मिश्रण असते. साध्या साखरेत काकवी मिसळून हाताने चोळली की तशीच ओलसर, तपकिरी साखर तयार होते. २०० ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा काकवी पुरते. गुळाची पूडही चालेल, पण तिची चव दालचिनीवर थोडी कुरघोडी करते.

लोणी आणि साखर फेसण्याच्या बाबतीत एक गोष्ट अमेरिकन कृतीत कधीच लिहिलेली नसते. आपली दाणेदार साखर तिकडच्या साखरेपेक्षा बरीच जाड असते, त्यामुळे ती लोण्यात नीट फेसली जात नाही आणि केकमध्ये चरचरीत राहते. मिक्सरमधून ती क्षणभर फिरवून बारीक रव्याइतकी करावी. तिची पिठीसाखर मात्र करू नये, कारण लोण्यात हवा कोंडण्याचे काम साखरेचे दाणेच करतात आणि पिठीसाखरेने ते काम तितके होत नाही. लोणी बोट दाबल्यावर खळगा पडेल इतपत मऊ हवे. ते वितळून तेलकट झाले तर फेसणे व्यर्थ जाते. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघरात ठेवलेले लोणी पाहता पाहता वितळते, तेव्हा फ्रिजमधून काढल्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

लोणी-साखर फिकट आणि हलकी होईपर्यंत फेसावी, मग एकेक अंडे घालून फेटावे, आणि नंतर चाळलेला मैदा व चक्का आळीपाळीने, मैद्याने सुरुवात आणि मैद्यानेच शेवट करत, हलक्या हाताने मिसळावा. तयार पीठ ताज्या श्रीखंडाइतके घट्ट हवे. ते भांड्यात ओतता येता कामा नये, तर उलथन्याने पसरावे लागले पाहिजे. ओतता येत असेल, तर चुरा खाली जाणार हे तिथेच समजून घ्या.

मधला थर सुटून येण्याची कारणे दोन आहेत. साखर जास्त झाली की ती भाजताना वितळून वाहते आणि वरच्या-खालच्या पिठाला एकमेकांशी जुळू देत नाही. आणि त्या थरात लोणी घातले की स्निग्धतेमुळे तेच आणखी बिघडते. म्हणून मधल्या मिश्रणात लोणी अजिबात घालू नये, वर सांगितलेला चमचाभर मैदा अवश्य घालावा, थर पातळ भुरभुरावा आणि भांड्याच्या कडेपासून एक बोट जागा सोडावी, म्हणजे कडेला दोन्ही पिठे चिकटतात. त्यानंतर सुरीचे टोक पिठातून एक-दोनदा वळणे घेत फिरवले, तर थराला खिडक्या पडतात आणि केक एकसंध राहतो.

चुरा करताना लोणी गारच घ्यावे, बोटांच्या टोकांनी चोळावे आणि अधूनमधून मुठीत दाबून वाटाण्याएवढे खडे पाडावेत. लिंबाएवढे गोळे मात्र फोडून टाकावेत, कारण बुडतात ते हेच. चुरा पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मग पसरावा आणि वरून दाबू नये. ओटीजी १७५ अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून, आधी पंधरा मिनिटे तापवावा आणि केक मधल्या किंवा खालच्या घरात ४० ते ४५ मिनिटे भाजावा. २५ लिटरच्या ओटीजीत वरची कॉइल केकच्या अगदी जवळ येते, म्हणून चुरा लवकर लाल झाल्यास वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर झाकावी.

माडाखाली (सिंधुदुर्ग) :

पानगळ यांनी केकचे सगळेच सांगितले आहे. मी फक्त दालचिनीविषयी लिहितो, कारण या केकमध्ये दुसरा कोणताही मसाला नाही आणि तरीही कृतीत ‘दोन चमचे दालचिनीपूड’ एवढेच लिहून सगळे मोकळे होतात.

आपल्या किराणा दुकानात ‘दालचिनी’ म्हणून जी जाड, कडक, एकाच वेटोळ्याची साल मिळते ती बहुधा कॅशिया असते आणि ती मुख्यतः चीन, व्हिएतनाम व इंडोनेशिया इथून येते. श्रीलंकेची, ‘सिलोन’ म्हणून ओळखली जाणारी दालचिनी ही निराळ्या जातीच्या झाडाची साल आहे. तिच्या कांडीत कागदासारखे पातळ अनेक पदर एकात एक गुंडाळलेले असतात आणि ती बोटांनी सहज मोडते. आमच्याकडे कोकणात नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून जी दालचिनी लावतात ती याच जातीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचे ‘कोकण तेज’ नावाचे वाण काढलेले आहे. फांदीची वरची करडी साल खरवडून, आतली साल पितळी दांड्याने घासून सैल करायची, सुरीने उभी चीर देऊन ती अलगद सोडवायची आणि सालीत साल घालून सावलीत वाळवायची, अशी तिची पद्धत आहे. काम वेळखाऊ आणि कौशल्याचे असल्याने ती महाग पडते.

आता गंमत अशी की तुमच्या नणंदबाईंच्या केकची जी उग्र, गोडसर, जिभेला किंचित झोंबणारी चव आहे, ती जवळजवळ नक्कीच कॅशियाची असणार, कारण अमेरिकेतल्या दुकानांत दालचिनीपूड म्हणून प्रामुख्याने तीच मिळते. आमच्या बागेतल्या दालचिनीचा वास नाजूक आणि थोडा लिंबासारखा असतो. तो लोणी-साखरेच्या या भाऊगर्दीत दबून जातो. म्हणजे चवीसाठी म्हणाल, तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडची स्वस्त साल इथे जास्त शोभते, असे कोकणातला असूनही मला म्हणावे लागते.

मात्र कॅशियात कूमरिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते जास्त प्रमाणात व सातत्याने पोटात गेल्यास संवेदनशील माणसांच्या यकृताला बाधते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. २००६ साली जर्मनीत नाताळच्या दालचिनीच्या बिस्किटांवरून हा विषय बराच गाजला होता. कॅशियाच्या एका ग्रॅम पुडीत सुमारे ३ मिलिग्रॅम कूमरिन धरले, तर वरच्या कृतीतल्या साडेतीन लहान चमच्यांत, म्हणजे अंदाजे ९ ग्रॅम पुडीत, ते २७ मिलिग्रॅम होते आणि केकचे नऊ तुकडे केल्यास एका तुकड्यात ३ मिलिग्रॅम येते. ६० किलो वजनाच्या माणसाची रोजची मर्यादा ६ मिलिग्रॅम असल्याने अधूनमधून एक-दोन तुकडे खाण्यात काहीच हरकत नाही. १५ किलोच्या मुलाच्या बाबतीत मात्र एकाच तुकड्यात दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्याच्या हिशेबाने ठरवलेली आहे, त्यामुळे वाढदिवसाच्या तुकड्याने घाबरून जायचे कारण नाही; पण घरात लहान मुले असतील आणि हा केक दर आठवड्याला होणार असेल, तर निम्मी पूड सिलोन दालचिनीची घ्यावी.

पूड शक्यतो घरी करावी. साल तव्यावर नुसती कोमट करून कुटावी, मिक्सरला लावावी आणि चहाच्या गाळणीने नव्हे तर मैद्याच्या चाळणीने चाळावी. कॅशियाचे भरड कण मधल्या थरात राहिले, तर खाताना दाताखाली लाकडासारखे येतात.

चुलीपाशी (सातारा) :

मी वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण बिनअंड्याचा प्रश्न तसाच राहिला आहे आणि ओव्हन नसलेल्यांचाही विचार व्हावा, म्हणून लिहिते.

अंडी काढल्यावर केकचा आधार कमी होतो, त्यामुळे आहे तेवढाच चुरा त्याला पेलवत नाही. पानगळ यांच्या मापात दोन अंड्यांऐवजी ५० ग्रॅम चक्का जास्त आणि पाऊण वाटीपेक्षा थोडे कमी, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर दूध घ्यावे, पण दूध एकदम न ओतता पीठ श्रीखंडाइतके होईपर्यंतच घालावे. कधी ते सगळे लागतही नाही. वरचा चुरा एक तृतीयांशाने कमी करावा. बिनअंड्याचे पीठ मिसळल्यावर ताटकळत ठेवू नये, कारण सोडा आणि चक्का यांची क्रिया भांड्यातच सुरू होते.

काही जणी चुरा बुडू नये म्हणून केक पंधरा मिनिटे भाजून, अर्धवट बसल्यावर तो वर पसरतात. मी तसे करणार नाही. लहान ओटीजीचे दार उघडले की आतली धग झपाट्याने उतरते आणि नेमका तेव्हाच बिनअंड्याचा केक मध्यभागी खचतो. शिवाय वर पापुद्रा धरलेला असल्याने चुरा त्याला चिकटत नाही आणि कापताना सगळा ताटलीत पडतो.

कुकरमध्ये किंवा जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, शिटी आणि रबरी रिंग काढून, मंद आचेवर हा केक होतो, पण त्यावरचा चुरा कधीच खमंग होत नाही. उष्णता खालून येते, केकमधली वाफ झाकणाला लागून परत थेंबांनी खाली पडते आणि चुऱ्याचा ओलसर लगदा होतो. म्हणून कुकरच्या केकमध्ये फक्त मधला थर द्यावा. चुरा स्वतंत्रपणे जाड कढईत मंद आचेवर, सतत न ढवळता अधूनमधून हलवत, बदामी होईस्तोवर भाजावा आणि पसरून गार करावा. गार झाल्यावरच तो कुरकुरीत होतो. केक बाहेर काढल्यावर, गरम असतानाच, त्यावर काकवीचा किंवा मधाचा पातळ हात फिरवून हा चुरा दाबून बसवावा.

लोण्याऐवजी साजूक तूप घ्यायचे असेल, तर ८५ ग्रॅम लोण्याच्या जागी ७० ग्रॅम तूप पुरते, कारण लोण्यातले पाणी तुपात नसते. नानकटाईला फेसतो तसे थिजलेले, रवाळ तूपच फेसावे. चुऱ्याला मात्र तूप चांगलेच लागते, किंबहुना लोण्यापेक्षा जास्त खमंग, हे माझे प्रामाणिक मत आहे.

सायसाखर (नाशिक) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चक्क्याचे माझ्या मनातही आले नव्हते. आणखी एक विचारते. पाहुणे सकाळी आठ वाजता न्याहारीला येणार असतील, तर रात्री किती तयारी करून ठेवता येईल? आदल्या दिवशी भाजलेला केक सकाळी तितकाच चांगला लागतो का?

पानगळ (न्यू जर्सी) :

रात्री पीठ कालवून ठेवू नका. चुलीपाशी यांनी सोड्याचे जे कारण दिले आहे तेच इथे लागू पडते. चुरा करून डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा, मधल्या थराचे मिश्रण वाटीत झाकून ठेवावे, आणि मैदा, बेकिंग पावडर, सोडा व मीठ एकत्र चाळून ठेवावे. मग सकाळी फक्त लोणी फेसणे आणि मिसळणे उरते, आणि ओटीजी तापेपर्यंत पीठ भांड्यात गेलेले असते. लोणी मात्र रात्रीच बाहेर काढून ठेवा. नाशिकच्या थंडीत ते सकाळी नेमके हवे तेवढे मऊ असेल, उन्हाळ्यात अर्थातच नाही.

आदल्या दिवशी भाजला तरी चालतो. चक्क्यामुळे केकचा ओलावा टिकतो आणि दालचिनीचा स्वाद दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, त्यामुळे पोटातला भाग ताज्यापेक्षा सरसच लागतो. नरम पडतो तो वरचा चुरा, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर तो रात्रभरात मऊ होतो. यासाठी केक पूर्ण गार झाल्यावरच झाकावा आणि सकाळी १५० अंशांवर, फॉइल न लावता, आठ-दहा मिनिटे ओटीजीत ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलात, तर चुरा उलट आणखी ओला होईल.

कापण्यापूर्वी केक भांड्यातच निदान अर्धा तास निवू द्यावा. तो उलटा करून काढता येत नाही, कारण मग सगळा चुरा खाली गळतो. म्हणून पीठ घालण्यापूर्वीच भांड्यात दोन बाजूंनी बाहेर येतील असे बटर पेपरचे पट्टे घालावेत आणि त्यांना धरून केक सरळ वर उचलावा. कापायला पावाची दातेरी सुरी घ्यावी आणि ती दाबण्याऐवजी करवतीसारखी फिरवावी.